मॉडेल बंद झालं, खाच शाबूत होती

आमच्या जुन्या गिझरची गळती वेगळीच होती. गार असताना तळातून थेंब थेंब पाणी पडायचं आणि पाणी तापलं की गळती आपोआप थांबायची. तापल्यावर दाब वाढतो, मग गळतीही वाढायला हवी, असं कुणालाही वाटेल. पण रबर धातूसारखं वागत नाही. तापमान सारखंच वाढलं तरी ते पोलादाच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं. थकून बसलेलं रबर गार असताना समोरच्या धातूला जेमतेम टेकतं. तापलं की फुगून तेवढ्यापुरती फट बुजवतं. म्हणून गार असताना गळणारा आणि तापल्यावर कोरडा होणारा गिझर दिसला, तर टाकीच्या आधी रबरावर संशय घ्यावा. टाकीला गंजून भोक पडलं असेल तर ते तापल्यावर बंद होत नाही.

एमसीबी खाली पाडून, टेस्टरने खात्री करून मी खालचं प्लास्टिकचं झाकण उघडलं. सगळं कोरडं पुसलं आणि टिश्यूपेपरच्या पट्ट्या एकेका सांध्याला लावत गेले. पाणी आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा पाइप कोरडा. सेफ्टी व्हॉल्व्ह कोरडा. ज्या गोल तबकडीवर कॉइल आणि थर्मोस्टॅट बसवलेले असतात, जिला फिटर फ्लँज म्हणतात, तिच्या कडेला दोन बोल्टांच्या मध्ये लावलेली पट्टी मात्र लगेच ओली झाली. म्हणजे फ्लँज आणि टाकी यांच्या मधलं रबर गेलं होतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर ठरलेलं होतं. "ताई, ते मॉडेल कधीच बंद झालं. त्याचं रबर आता येत नाही. नवाच घ्या." फोनवरच्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर पार्ट नंबरांची यादी असते, आणि यादीत नंबर नसेल तर त्याच्या दृष्टीने तो पार्ट जगातच नसतो. पण टाकी ठणठणीत, कॉइल चालू, थर्मोस्टॅट वेळेवर बंद होणारा. एका रबरी कड्यासाठी एवढं सगळं भंगारात घालायला माझं मन घेईना. पार्ट नंबर संपला म्हणून रबर संपत नाही, हे मला आतून पटत होतं. फक्त त्या रबराची ओळख कंपनीच्या नंबराशिवाय करून घ्यायची होती.

उघडण्याचं काम अवघड नाही, पण घाईचं मुळीच नाही. पाणी पूर्ण गार होऊ दिलं. आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली. तरी तळाशी थोडं पाणी राहतंच, म्हणून खाली बादली. वायरी सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढला आणि वायरींना चिकटपट्टीच्या खुणा केल्या. अर्थिंगची वायर कुठे होती याचा फोटो वेगळा. बोल्ट सोडवताना एका हाताने तबकडी खालून धरून ठेवावी लागते, कारण कॉइलवर क्षाराचा जाड थर असला की ती चांगलीच जड होते. आमच्या कॉइलवर तो होताच. मॅग्नेशियमचा रॉड तर झिजून आतली तार उघडी पडली होती. हा रॉड टाकीऐवजी स्वतः गंजतो, त्यासाठीच तो असतो. टाकी उघडलीच होती, तेव्हा तोही बदलला. कॉइलवरचा क्षार काढला आणि तिचं इन्सुलेशन इलेक्ट्रिशियनकडून मेगरने तपासून घेतलं. यावर अधिक लिहीत नाही. खरा विषय रबर आहे.

तबकडीच्या वरच्या तोंडाला एक गोल खाच होती आणि खाचेत काळं रबरी कडं. बाहेर काढलं तेव्हा त्याचा छेद चपटा दिसत होता, दोन्ही बाजूंनी सपाट. नख रुतत नव्हतं. वाकवलं तर बाहेरच्या अंगाला बारीक भेगा उघडत होत्या. बहुतेक लोक इथे एकच गोष्ट करतात: ते जुनं कडं खिशात टाकून दुकानात जातात आणि "असंच द्या" म्हणतात. मला सांगायचं आहे ते नेमकं याच ठिकाणी. जुनं कडं ही नव्या कड्याची खोटी साक्ष आहे. ते आज जसं दिसतं तसं बसवलं तेव्हा नव्हतं. वर्षानुवर्षं दाबाखाली आणि उष्णतेत राहून त्याने आकार बदललेला असतो. बदलत नाही ती खाच. धातूत कोरलेली खाच पहिल्या दिवशी जेवढी होती तेवढीच आजही असते, आणि तिथे कोणत्या मापाचं रबर होतं हे तीच खरं सांगते.

म्हणून आधी खाच साफ केली. कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून त्यात बुडवलेलं फडकं खाचेवर ठेवलं. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट; आम्लात तो फसफसून सुटतो. उरलेला लाकडी काडीने खरवडला. इथे स्क्रूड्रायव्हर चालवू नये. खाचेच्या तळावर आडवा ओरखडा पडला तर नवं रबरही त्याच ओरखड्यातून गळेल. गंजाचे बारीक ठिपके होते ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढले, तेही हात खाचेच्या गोलाईने फिरवत. गोलाईने पडलेल्या बारीक रेघा रबर सहज बुजवतं. आतून बाहेर जाणारी एक रेघ मात्र पाण्याला वाट करून देते. टाकीच्या बाजूचं तोंड नुसतं फडक्याने आणि त्याच आम्लाने पुसलं, कारण आतून काचेसारखा मुलामा असतो आणि त्याचा टवका उडाला तर दुरुस्ती करता येत नाही.

मग व्हर्नियर घेतला. खाचेची खोली त्याच्या मागून बाहेर येणाऱ्या बारीक काडीने निरनिराळ्या जागी मोजली: ४.२ मिमी. रुंदी ७.२ मिमी. खाचेच्या बाहेरच्या भिंतीचा व्यास ११८ मिमी. त्यानंतर, केवळ ताडून पाहायला, जुनं कडं मोजलं: उंची ४.३ मिमी, रुंदी ६.१ मिमी.

या आकड्यांवर थोडं थांबायला हवं. खाचेतली गोल छेदाची रिंग म्हणजे ओ-रिंग. ती खाचेच्या खोलीपेक्षा जाड असते आणि झाकण आवळलं की दाबली जाते. स्थिर सांध्यात हा दाब साधारण जाडीच्या १५ ते ३० टक्के ठेवतात. आता जुन्या कड्याची उंची पाहून मी ४.३ मिमी जाडीची रिंग आणली असती, तर ४.२ मिमीच्या खाचेत ती जेमतेम दोन टक्के दाबली गेली असती. म्हणजे पहिल्याच दिवशी गळती. आणि रुंदी पाहून ६ मिमीची आणली असती तर? तिच्या छेदाचं क्षेत्रफळ २८ चौरस मिमीच्या वर जातं आणि खाचेचं आहे ३० च्या आसपास. खाच ९३ टक्के भरली. रबर दाबलं म्हणून त्याचं आकारमान कमी होत नाही, ते नुसतं बाजूला सरकतं. शिवाय तापल्यावर ते फुगणार. सरकायला जागा नसेल तर एकतर झाकण धातूला धातू टेकून बसणार नाही किंवा रबराची कड फटीत चेमटून कापली जाईल. जुनं कडं दोन आकडे सांगत होतं आणि दोन्ही चुकीच्या रिंगेकडे नेणारे होते.

ओ-रिंगांच्या प्रमाणित जाड्या ठरलेल्या आहेत: १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ आणि ६.९९ मिमी. या अमेरिकन एएस५६८ मापांतल्या. ४.२ च्या खाचेला ५.३३ लावून पाहिली: दाब २१ टक्के. छेदाचं क्षेत्रफळ २२.३ चौरस मिमी, म्हणजे खाच ७४ टक्के भरते, फुगायला जागा उरते. इतकं नेमकं जुळल्यावर शंका राहिली नाही. ज्याने हा गिझर आखला त्याने हीच जाडी धरून खाच कोरली होती. त्याच्या हिशेबापर्यंत पोचल्याचा मला फार आनंद झाला.

आता व्यास. पाण्याचा दाब आतून बाहेर असतो, त्यामुळे रिंग बाहेरच्या भिंतीला टेकलेली हवी; आतल्या भिंतीला टेकलेली असली तर दाब आल्यावर ती ताणली जाऊन सरकते. बाहेरचा व्यास ११८, त्यातून ५.३३ ची दुप्पट वजा केली की आतला व्यास १०७.३४ येतो. एएस५६८ च्या तक्त्यात ३४७ क्रमांकाची रिंग आहे १०७.३२ मिमी आतल्या व्यासाची. खाच रिंगेपेक्षा रुंद का ठेवतात तेही इथेच कळतं. पाण्याचा दाब आला की रिंग बाहेरच्या भिंतीवर जाऊन दाबली जाते आणि दाब जितका जास्त तितकी ती घट्ट बसते. नील्स क्रिस्टेनसेन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकन यंत्रज्ञाला १९३९ मध्ये ज्या जोडणीचं पेटंट मिळालं, तिचा गाभा हाच: गोल छेदाची साधी रबरी रिंग आणि तिच्यापेक्षा रुंद खाच.

माप मिळालं, तरी अर्धं काम बाकी होतं. रबर कोणतं?

सगळी काळी रबरं दिसायला सारखीच. पण एनबीआर, म्हणजे नायट्राइल, तेलासाठी उत्तम आणि सततच्या गरम पाण्यात हळूहळू कडक होणारं. ईपीडीएम नेमकं उलट: गरम पाणी आणि वाफ उत्तम सोसतं, खनिज तेलात मात्र फुगून निकामी होतं. सिलिकॉन उष्णता सोसतं, पण ते कडेला लवकर फाटतं. गिझरसाठी मी ईपीडीएम ठरवलं, तेही पेरॉक्साइडने पक्कं केलेलं. गंधकाने पक्कं केलेल्या रबरात रेणूंच्या लांब साखळ्यांना जोडणारे दुवे गंधकाचे असतात. उष्णतेत ते तुटतात आणि नव्या जागी पुन्हा जुळतात. रबर दाबलेलं असताना हे होत राहिलं की दाबलेला आकार हाच त्याचा कायमचा आकार होतो. पेरॉक्साइडने कार्बनचे थेट दुवे तयार होतात, ते उष्णतेत जास्त टिकतात.

या कायमच्या बसण्याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात आणि तो घरच्या घरी काढता येतो. आमची रिंग मुळात ५.३३ ची होती, दाबून ४.२ ची झाली, म्हणजे १.१३ मिमी दाबली गेली. बाहेर काढल्यावर तिने मूळच्या ५.३३ वर परत यायला हवं होतं. ती आली फक्त ४.३ पर्यंत. १.०३ मिमी परत आलीच नाही. १.०३ भागिले १.१३, म्हणजे ९१ टक्के. उसळी म्हणून रबरात जे काही असतं ते जवळजवळ संपलेलं. रबर फट बुजवतं ते उसळीने, नुसत्या जागा व्यापण्याने नव्हे. १९८६ च्या फेब्रुवारीत चॅलेंजर या अमेरिकन अवकाशयानाच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं, ते याच गुणाबद्दल होतं. तिथे थंडीने उसळी मंदावली होती, आमच्याकडे वयाने आणि उष्णतेने ती गेली होती.

गिझरचं रबर म्हणून विचारलं तेव्हा सगळीकडून नकार आला होता. मग औद्योगिक सील विकणाऱ्याला फोन करून एवढंच म्हटलं: "ओ-रिंग, जाडी ५.३३, आतला व्यास १०७.३२, ईपीडीएम पेरॉक्साइड, ७० शोर." त्याने कंपनी विचारली नाही, मॉडेल विचारलं नाही, गिझर हा शब्दही मध्ये आला नाही. "किती नग?" एवढंच विचारलं. ७० शोर ए हा कडकपणाचा आकडा. ओ-रिंग बहुधा याच कडकपणाच्या येतात. मी काही नग जास्तीचे घेतले.

जास्तीचे घेण्याचं एक कारण परीक्षा हे होतं. एनबीआर आणि ईपीडीएम डोळ्यांनी ओळखता येत नाहीत आणि पाकिटावरच्या चिठ्ठीवर सगळी भिस्त ठेवणं मला बरं वाटेना. एका रिंगेचा तुकडा कापला, त्याची लांबी मोजली आणि तो साध्या मशीन ऑइलमध्ये बुडवून ठेवला. नंतर काढून पाहिला तर तो लांबीला वाढला होता, मऊ आणि बुळबुळीत झाला होता. एनबीआर असतं तर जवळजवळ तसंच राहिलं असतं. रिंग ईपीडीएमची आहे याबद्दल माझं समाधान झालं. याच कारणासाठी या रिंगेला व्हॅसलिन, साधं ग्रीस, तेल यांतलं काहीही लावायचं नाही. लावायचं ते फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही चमक येईल इतपतच.

दरम्यान सुचवलेले इतर उपाय मी का टाळले ते सांगते, कारण ते सुचवणारी माणसं आपलं भलंच पाहत असतात. रबरी शीट कापून सपाट वायसर करा, असं एकाने सांगितलं. सपाट वायसर सपाट तोंडांमध्ये चालतं. खाच असलेल्या तबकडीवर ते खाचेच्या कडांवर टेकतं आणि मध्ये पोकळ राहतं. सिलिकॉन सीलंट भरून टाका, हा दुसरा सल्ला. इथे दाबाचा हिशेब मांडावा. गच्चीवरची टाकी गिझरच्या दहा मीटर वर असेल तर सुमारे एक बार दाब येतो. ११८ मिमी व्यासाच्या तबकडीवर एक बार म्हणजे साधारण ११० किलोंचा रेटा. तो बोल्टांनी पेलायचा आणि फट रिंगेने बुजवायची, ही वाटणी चोख आहे. सीलंट दोन तोंडांच्या मध्ये जाड थर करून बसलं की धातू धातूला टेकत नाही आणि पुढच्या वेळी उघडताना मुलामा उचकटण्याची भीती वेगळीच. तिसरा उपाय ओ-रिंगची दोरी कापून टोकं चिकटवण्याचा. गार पाण्यासाठी, दाब नसलेल्या ठिकाणी तो मी करेन. रोज तापणाऱ्या आणि गार होणाऱ्या सांध्यात चिकटवलेल्या जोडावर माझा भरवसा नाही.

बसवणं शांतपणे झालं. तबकडी खालून वर जाते, खाच वरच्या अंगाला, त्यामुळे रिंग आपल्या वजनाने जागेवर राहते. पीळ पडला नाही ना, हे बोट फिरवून सगळीकडे पाहिलं. बोल्ट आधी हाताने फिरवले, मग पान्याने समोरासमोरचे, एक सोडून एक, थोडे थोडे. तबकडी एका बाजूने वर गेली तर रिंग दुसऱ्या बाजूने खाचेतून निसटू शकते. धातू धातूला टेकला की पान्याच्या हाताला ते लगेच कळतं. कडेने कागद सरकतो का पाहिलं. कुठेच सरकला नाही. यानंतर आणखी जोर लावण्यात काही हशील नाही. खाचेतली रिंग किती दाबली जाणार ते खाचेची खोली ठरवते. बोल्ट करकचून आवळले तर फक्त आटे जातात.

गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरली. नळातून हवेचे फुरफुर आवाज थांबून सलग धार येईपर्यंत टाकी भरलेली नसते आणि कोरड्या टाकीत कॉइल चालू झाली तर जळते. म्हणून वायरी जोडल्या तरी वीज दिली नाही. गळती गार असतानाची होती, तेव्हा खरी परीक्षाही गार पाण्यातच. फ्लँजच्या कडेला पुन्हा टिश्यूच्या पट्ट्या लावून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सगळ्या पट्ट्या कोरड्या. मग अर्थिंग पुन्हा एकदा पाहून वीज चालू केली, थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवला, तापून गार होऊ दिलं. तरीही कोरड्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवलं: ओ-रिंग ५.३३ बाय १०७.३२, ईपीडीएम, ७० शोर, आणि महिना-वर्ष. उरलेल्या रिंगा पाकिटात घालून अंधाऱ्या कपाटात ठेवल्या, न ताणता, न टांगता.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. काही गिझरांच्या फ्लँजला ओठ असलेलं, टोपीसारखं बसणारं रबर असतं; तिथे खाच नसते आणि ओ-रिंगचा प्रश्नच येत नाही. तसं रबर साच्यातूनच काढून घ्यावं लागतं. वॉशिंग मशिनच्या शाफ्टवरचं ऑइल सील मात्र याहून सोपं: त्याच्या अंगावर बहुधा तीन आकडे छापलेले असतात, शाफ्टचा व्यास, सील ज्या खोबणीत बसतं तिचा व्यास आणि रुंदी, आणि ते कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात चालतात. गॅसच्या जोडण्या आणि प्रेशर कुकर यांना मी हे लागू करणार नाही. तिथे चुकीच्या रबराची किंमत चार थेंब पाणी नसते.

पुढे क्षार काढण्यासाठी गिझर पुन्हा उघडला तेव्हा ती रिंग मी मुद्दाम मोजली. उंची ५.१ मिमी. दाबलेल्या १.१३ पैकी फक्त ०.२३ परत आली नव्हती, म्हणजे सेट २० टक्के. ती अजून बराच काळ चालली असती. तरी एकदा उघडलेल्या सांध्यात जुनी रिंग परत घालायची नसते म्हणून पाकिटातली दुसरी घातली आणि झाकणावर नवा महिना लिहिला.